दोन हजार पाचशे विसावे पान

एका राज्यात राजपुत्राच्या बारशाला अख्खे नगर जेवायला बसले आणि पहिला घास तोंडात जायच्या आत दगड झाले. राजा दगड, प्रधान दगड, राजाचा लठ्ठ कुत्रा तोही दगड. वाचली ती एकटी चिमाई, पत्रावळी लावणारी. ती रानात पळसाची पाने आणायला गेली होती. परतून पाहते तो तिची सहा वर्षांची जाई पंगतीत दगड होऊन बसलेली, घास हातातल्या हातात.

खांबावरची साळुंकी बोलली, "टेकडीवरच्या मांत्रिकाचा शाप आहे. सगळ्या पंगती सारख्या भरतील तेव्हा माणसं उठतील. पंगत दोनांपासून दहांपर्यंतचीच. तीन दिवस, तीन डाव. तिसरा सूर्य मावळला की दगड ते दगडच."

"माणसं किती?"

"दोन हजार पाचशे एकोणीस."

पान ओढले की दगडी माणूस पानामागे आपसूक सरके. पहिल्या दिवशी चिमाईने सात-सातांच्या पंगती मांडल्या. शेवटच्या पंगतीत सहाच. दुसऱ्या दिवशी आठ-आठांच्या मांडल्या, शेवटी सातच. तिसऱ्या दिवशी नऊ-नऊ, तर शेवटी आठ! आकडा मोठा खट. रिकाम्या जागी ती स्वतःच बसली. काही झाले नाही.

"ती जागा दुसऱ्याची आहे," साळुंकी म्हणाली. "दोन-दोन मांडा की दहा-दहा, एक कमीच पडणार."

चिमाई बोटांवर मोजीत राहिली. म्हणजे आणखी एक असता, दोन हजार पाचशे वीस, तर दोनांपासून दहांपर्यंत कशाही मांडा, प्रत्येक पंगत भरली असती. दर खेपेला हाच एक माणूस कमी पडत होता. मग जेवायचा राहिला कोण?

ऊन उतरणीला लागले होते. ती धावत टेकडी चढली. मांत्रिकाला शिव्या घालायच्या असे ठरवून आली होती, पण त्याचे खपाटीला गेलेले पोट दिसले आणि तोंडून भलतेच निघाले.

"महाराज, तुम्ही जेवलात का?"

मांत्रिकाचा चेहरा उतरला. "बसलो होतो जेवायला. धोतर फाटकं म्हणून राजानं भरल्या पानावरून उठवलं."

"वाईट केलं त्यानं. पण माझ्या जाईनं तुमचं काय केलं होतं?"

मांत्रिक धोतराची फाटकी बाजू मुठीत लपवू लागला.

"चला," चिमाई म्हणाली. "पान मांडते."

सूर्य टेकला तेव्हा मांत्रिक शेवटच्या पंगतीत नववा बसला. दोनशे ऐंशी पंगती एकदम हलल्या. जाईने घास तोंडात घातला आणि कुरकुरली, "आई, वरण निवलंय." चिमाईने तिला उचलून इतके आवळले, की पोर गुदमरली.

राजा उठला. तुपाचे भांडे स्वतः घेऊन सगळ्या पंगती ओलांडत तो शेवटच्या पानापाशी वाकला. "आमचं चुकलं. पोटभर जेवावं."

मांत्रिकाने पान तुपाखाली सरकवले. मग त्याने आणखी भात मागितला.