बिशपची मेणबत्ती

समुद्राकाठच्या एका तटबंदीच्या गावात सिल्वान नावाचा एक बिशप राहत असे. बिशप म्हणजे त्या मुलखातल्या सगळ्या ख्रिस्ती धर्मगुरूंचा मुख्य. गोष्ट हजार वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा तटाच्या आतले लोक लॅटिन भाषेत प्रार्थना करत, आणि मागच्या डोंगरांतले मेंढपाळ आपल्या स्लाव भाषेत. देव तोच, क्रूसही तोच. पण एवढ्या एका कारणावरून दोन्हीकडची माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत.

सिल्वान जन्माने डोंगरातला. लहानपणी त्याला वोइन म्हणत. एका दुष्काळात आईने त्याला गावातल्या मठाच्या दारात आणून उभं केलं, कारण मठात रोज भाकरी मिळे. तिथे तो लॅटिन शिकला, त्याला नवं नाव मिळालं, आणि हळूहळू मानही. मग मात्र त्याने आईच्या भाषेकडे पाठ फिरवली. डोंगरातून कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की तो शेजारी दुभाषी बसवी. समोरच्याचं साधंसुधं बोलणं त्याला थेट कळत असे, तरी दुभाष्याचं सांगून होईपर्यंत तो भिंतीकडे बघत राही. एवढा मोठा झाला, पण लोक आपल्याला अजून डोंगरातला म्हणतील ही भीती काही त्याच्या मनातून गेली नाही.

एका हिवाळ्यात आर्चबिशपचा, म्हणजे सगळ्या बिशपांच्या वरच्या धर्मगुरूचा, दूत गावात आला. त्याने सिल्वानला बाजूला घेतलं.

"डोंगरात राद्को नावाचा म्हातारा पाद्री आहे. तो वेदीपुढे स्लाव भाषेत प्रार्थना करतो. त्याला बहिष्कृत करा."

"मीच?"

"तुम्हीच. तुम्ही त्यांच्यातले. तुम्ही आमचे झालात की नाही, ते आम्हाला बघायचंय. नाहीतर या खुर्चीवर बसायला माणसं पुष्कळ आहेत."

डोंगरात दुसरा पाद्री नव्हता. तिथल्या बाळांचा बाप्तिस्मा राद्को करी, मेलेल्यांना मूठमाती देताना प्रार्थना तोच म्हणे. बहिष्कृत माणसाला कुणी घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, असा नियम होता. हे सगळं ठाऊक असूनही सिल्वान हो म्हणाला. खुर्ची सोडवत नाही ती अशी.

बहिष्काराची एक रीत होती. सगळे धर्मगुरू पेटत्या मेणबत्त्या घेऊन गोल उभे राहत. बिशप आधी दोषी माणसाला त्याचा अपराध सांगे, आणि त्याला समजेल अशाच शब्दांत सांगे. इथे दुभाषी चालत नसे, शब्द बिशपच्याच तोंडचे लागत. मग बिशप आपली मेणबत्ती उलटी करून जमिनीवर विझवी, आणि मागोमाग बाकीचे. बिशपची मेणबत्ती विझली नाही, तर शिक्षाही नाही.

राद्कोला चर्चमध्ये आणलं तेव्हा त्याने पांघरलेलं मेंढीचं कातडं बर्फाने भिजलेलं होतं. हात काकडून निळे पडले होते. सिल्वानने घडाघडा लॅटिनमध्ये अपराध वाचला. म्हाताऱ्याने आदराने सगळं ऐकून घेतलं आणि नुसता बघत राहिला. त्याला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

"त्याच्या बोलीत सांगा," दूत म्हणाला. "उरका लवकर."

सिल्वानने तोंड उघडलं. पाखंडी, शाप, बहिष्कार, हे सगळे शब्द तो मठात शिकला होता. लॅटिनमध्ये ते त्याच्या जिभेवर होते. आईच्या भाषेत त्याने ते कधी ऐकलेच नव्हते. त्या भाषेत त्याच्यापाशी होते ते फक्त एका लहान मुलाचे शब्द. भाकरी. पाणी. आई. देवबाप्पा. ये, बस. त्याने पुन्हापुन्हा शोधलं, पण शाप काही सापडेना. शेवटी म्हाताऱ्याच्या निळ्या हातांकडे बघत तो एवढंच बोलू शकला,

"थंडी वाजते?"

"वाजते, महाराज," राद्को म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दूत लाल झाला. "बिशप! मेणबत्ती!"

सिल्वानला रडू आवरेना. इतकी वर्षं ज्या शब्दांची त्याला लाज वाटत होती, त्यांनीच आज त्याला पापापासून अडवलं होतं. तो दूताला म्हणाला, "ज्या भाषेत आईने मला देवाचं नाव शिकवलं, तिच्यात मला या माणसाला शाप देता येत नाही. आणि तुमच्या भाषेत दिला, तर तो त्याला कळणार नाही."

मग त्याने पेटती मेणबत्ती सरळ धरून राद्कोच्या हातात दिली. म्हाताऱ्याने दुसरा तळवा ज्योतीजवळ धरला आणि शेकू लागला.

त्याच दिवशी दूताने सिल्वानच्या बोटातली बिशपपदाची अंगठी उतरवली, हातातला धर्मदंड काढून घेतला आणि त्याला दाराबाहेर घालवलं. काल वाकून नमस्कार करणाऱ्यांपैकी एकही जण त्याच्यामागे आला नाही. सिल्वान पायरीवर उभा राहिला. कुठे जावं हे त्याला कळत नव्हतं.

राद्को तिथेच थांबला होता. या माणसाला आपली भाषा किती येते, हे म्हाताऱ्याने आत बरोबर ओळखलं होतं. म्हणून लहान मुलाशी बोलावं तसा तो सावकाश, सोप्या शब्दांत बोलला.

"भूक लागली ना, बाळा? ये. भाकरी आहे."

त्यातला प्रत्येक शब्द सिल्वानला येत होता.

तात्पर्य: आपल्या माणसाला बाहेर घालवून जी टिकवावी लागते, ती खुर्ची सोडलेली बरी.