भिकोबा लंडनला निघाला

बोरजाई नावाच्या गावात भिकोबा नावाचा एक गवंडी राहायचा. माणूस लाखात एक, पण इतका भोळा की सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि भलत्याच ठिकाणी उचलून ठेवायचा.

त्याची लेक पारू लंडनला नर्स होती. तिला मुलगा झाला. रविवारी बारसं. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, आईनं शिवलेली कुंची घेऊन या. ती घातल्याशिवाय मी बाळाला पाळण्यात घालणार नाही."

भिकोबा तालुक्याला तिकीटवाल्याकडे गेला. तिकीटवाला म्हणाला, "जाण्यायेण्याचं तिकीट देतो. जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठ."

"मग मला दोन्हीकडून येतानाचंच द्या," भिकोबा म्हणाला.

तिकीटवाल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, जाताना वारा समोरून येतो. पाठीशी वारा असला की लवकर पोचतं."

भिकोबानं हे पक्कं लक्षात ठेवलं. शुक्रवारी एसटी स्टँडवर त्यानं चिमूटभर माती उडवून बघितली आणि वारा जिच्या पाठीशी होता त्या गाडीत जाऊन बसला. गाडी अक्कलकोटला पोचली.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, मुंबई राहिली तिकडं. वाऱ्याकडं नाही, पाटीकडं बघायचं असतं."

एक दिवस आधी निघाला होता म्हणून निभावलं. रात्रीच्या गाडीनं तो मुंबईला आला आणि विमानतळावर पहिल्यांदा पाट्या बघितल्या. एकीवर 'निर्गमन', दुसरीवर 'आगमन'. भिकोबानं विचार केला, एक म्हणते चालते व्हा, दुसरी म्हणते या. बोलावतात तिथं जावं. तो आगमनाच्या दारात दोन तास उभा राहिला. आतून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होता.

शेवटी पोलिसानं हटकलं. "आजोबा, ही माणसं आलीत. तुम्हाला जायचंय. नुसत्या पाट्या काय वाचता? शेजारच्याला विचारावं."

हेही भिकोबाला पटलं. कसाबसा तो विमानात चढला आणि बसल्याबसल्या शेजारच्या कोटवाल्या गृहस्थांना विचारलं, "लंडन किती लांब?"

"सात हजार दोनशे किलोमीटर."

दर अर्ध्या तासानं त्यानं तेच विचारलं. गृहस्थ सज्जन होते. दर वेळी थोडा आकडा कमी करून सांगत राहिले.

विमान एकदाचं उतरलं. गृहस्थ मनगटावरचं घड्याळ फिरवू लागले.

"हे काय करता?" भिकोबानं विचारलं.

"लंडन साडेचार तास मागं आहे ना."

भिकोबाला वाटलं, इतकं विचारत आलो, तरी उतरायचं गाव मागं राहिलं. ड्रायव्हरनं थांबवलंच नाही. पारू तिकडे वाट बघत असणार.

पारू बाहेर दारातच उभी होती, बाळाला घेऊन. पण भिकोबा बाहेर गेलाच नाही. आतल्याच काउंटरवर एक मराठी बाई दिसल्या, त्यांच्यापुढं त्यानं तिकीट धरलं. "बाई, मला मागं जायचंय."

बाईंनी तिकीट उलटसुलट करून बघितलं. "आत्ता? लगेच?"

"लेकीकडं बारसं आहे. उशीर नको."

बाईंनी तारीख बदलून दिली. भिकोबा पुन्हा विमानात बसला. या वेळी त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. घड्याळ हातात धरून एकेक मिनिट मोजत राहिला. बरोबर साडेचार तास भरले, तसा तो उठला. पिशवी काखोटीला मारली, टोपी नीट केली आणि विमानाच्या दाराशी जाऊन हवाई सुंदरीला म्हणाला,

"ताई, जरा घंटी मारा. इथंच उतरायचंय मला."