हारकू कशाला म्हणतात

फार वर्षांमागे, खाडीला अजून पूल ठाऊक नव्हता तेव्हा, शिंपलोली गावात हारकू नावाची आगरी बाई राहायची. तिचा उजवा पाय जन्मापासून अधू. मिठागराचे वाफे तुडवून तळ घट्ट करायला सगळं गाव हात धरून चिखलात उतरायचं. हारकू मात्र बांधावर पेजेचं मडकं राखत बसायची.

त्या साली वाफे पाणी धरेनात. भरतीचं पाणी आत घ्यावं, तर सकाळी तळाशी नुसता चिखल. दोन हंगाम असेच बिनमिठाचे गेले होते. तिसराही गेला तर गाव उठणार, होड्या कायमच्या पलीकडच्या काठाला लागणार, हे ठरलंच होतं.

पण हारकूला एक गोष्ट दिसली. पेज वाटायला ती वाफ्यातून ज्या वाटेनं जायची, तेवढ्याच पट्ट्यात पाणी ठरलं होतं. तिचा सगळा भार डाव्या टाचेवर, उजवा पाय मागून फरफटत यायचा. टाच माती दाबायची आणि फरफट भेगा बुजवायची.

ती सरळ वाफ्यात उतरली. मुकादम गोमा खेकसला, "हारके, वर बस गो! तुझ्या पायानं रांग मोडंल."

"रांग मोडंल, गोमादादा, पन पाणी त ठरंल! इकडं बघ जरा."

गोमानं वाकून तिच्या वाटेवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि डोकं खाजवलं. "मंग काय, आता सगल्यांनी लंगडायचं?"

"तुला जमंल का पन?"

गाव हसलं, आणि हसता हसता लंगडायला लागलं. धप्प, सर्र. धप्प, सर्र. असं म्हणतात, की तीन दिवस कुणी थांबलं नाही आणि ओहोटीसुद्धा त्याच तालावर पाय ओढत गेली. चौथ्या दिवशी तळ असा घट्ट झाला, की बगळे त्यात आपलंच रूप पाहून चोची मारू लागले. मग मीठ असं फुललं, की पलीकडच्या काठाला वाटलं, शिंपलोलीत भरदुपारी चांदणं पडलंय.

म्हातारपणी हारकू ओहोटीच्या मागोमाग चालत गेली, असं म्हणतात, आणि तिची पावलं सात भरत्यांना पुसता आली नाहीत.

शहाणी माणसं 'हारकू' या नाचाच्या शब्दाचं मूळ पोथ्यांत धुंडाळतात. धुंडाळोत बापडी! शिंपलोलीत लग्न असो की पालखी, कुणी 'नाचूया' म्हणत नाही. 'हारकू घेऊया' म्हणतात, आणि धडधाकट पोरंही एक पाय ओढत फेर धरतात. रांगेच्या पहिल्या टोकाला उभं करतात ते मात्र अशाच माणसाला, ज्याला एरवी कुणी नाचायला बोलावलं नसतं.