थांबणारी गाडी

त्या मुलखात तोंड सगळ्यांना होतं, पण सभेत ते उघडायचा हक्क ज्याने झेपगाडी पार केली त्यालाच होता. डोंगराच्या अलीकडे वस्त्या, पलीकडे सभेचं पठार आणि दोहोंच्या मध्ये रुळांवरून चढणारी, कोसळणारी, पुन्हा उसळणारी ती गाडी. पाणी कुठून वळवायचं, कुठलं कुरण कुणाला द्यायचं, हे सारं पठारावर ठरे. गाडीत न बसलेल्यांना निकाल तेवढा कळे.

गाडी वानरांनी बांधली होती, वानरांच्या मापाने. त्यात गैर काही नाही. ज्याच्या हाती करवत, त्याच्या बेताचं बाक. गैर एवढंच, की हे माप वानरांचं आहे हे सगळे विसरले होते आणि त्याला नुसतं माप म्हणत होते. गाडी कुणासाठी थांबत नसे. फलाटापाशी ती जराशी मंदावे, तेवढ्यात उडी मारून आत बसायचं. एका बाकावर दोघे आणि दोघांच्या मांडीवर मिळून एकच दांडी. डोंगरमाथ्यावरून गाडी खाली सुटे त्या जागेला काळीजउतार म्हणत. तिथे दोन्ही हात वर करायचे, असा रिवाज होता. जो दांडी धरील तो दांडीधऱ्या. हे नाव एकदा चिकटलं की पोराबाळांच्या सोयरिकीपर्यंत पुरत असे.

अधूनमधून कोणी गाडीतून पडे. मग वानरांचे पुढारी फांदेकर आप्पा पठारावर उभे राहून हळहळत आणि म्हणत, "हात सुटला बिचाऱ्याचा." ज्या हातांना धरायचीच बंदी, ते सुटले कशावरून, हे त्यांना कोणी विचारत नसे. पडलेल्याची फेरी पुरी झालेली नसे, म्हणून त्याला सभेत पाऊल टाकता येत नसे. त्यामुळे सभेत आजवर पडलेला प्राणी एकही नव्हता, आणि गाडी कुणाला पाडते असं सभेला कधी वाटलंही नव्हतं. इतकी सोयीची अडाणी सभा शोधून सापडायची नाही.

झिपरी ही अस्वलाची पोर. बैलगाड्यांची चाकं, आस, जू दुरुस्त करणाऱ्या घरात ती वाढली. तिचा लहानपणापासूनचा दोस्त भुऱ्या नावाचा ससा. भुऱ्याचे पाय त्या मुलखात सगळ्यांत चपळ होते, आणि जीभ त्याहून चपळ. वयात आल्यावर दोघांनी एकाच बाकावर बसायचं ठरवलं. उडी मारून दोघेही आत बसले. दांडी खाली आली आणि झिपरीच्या पोटाला टेकून थांबली. भुऱ्याच्या मांडीपासून ती इतकी वर राहिली, की मध्ये अजून एक ससा मावला असता.

"झिपरे, सकाळी किती पोळ्या चापल्यास गं?" भुऱ्या हसून म्हणाला.

काळीजउतारावर दोघांनी हात वर केले. गाडी खाली गेली, झिपरी गाडीबरोबर गेली आणि भुऱ्या आपल्या जागीच हवेत राहिला. पुढचं तिने पाहिलं नाही. फक्त शेजारची जागा रिकामी झाल्याचं तिच्या अंगाला कळलं. भुऱ्या वाचला. मागचे पाय मात्र गेले ते गेलेच.

झिपरीची फेरी पुरी झाली होती. म्हणजे तिला बोलायचा हक्क मिळाला होता, आणि तो तिने पहिल्याच सभेत वापरला.

"त्याचा हात सुटला नाही," ती म्हणाली. "दांडी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. माझ्या पोटाला अडली. मी शेजारीच होते."

आप्पांनी मान डोलावली. आप्पांची मान फार समजूतदार होती. तिच्याखालच्या भागाबद्दल तसं म्हणता येत नसे. "पोरी, इथे ज्याने त्याने आपापल्या फेरीचं बोलावं. दुसऱ्याच्या पडण्याची वाच्यता करणं म्हणजे त्याचा अपमान. सशाला काही सांगायचं असेल तर त्याने यावं की! आमचे कान उघडेच आहेत."

"तो येणार कसा?"

"सगळे येतात तसाच. गाडीने."

सभा पोट धरून हसली. झिपरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी तिने ठरवलं, की भुऱ्या इथे येईल, गाडीनेच येईल आणि आपल्या तोंडाने बोलेल. शिवाय यंदा वयात आलेली पिल्लं गाडीत बसायची होती आणि त्यांत भुऱ्याची धाकटी बहीण होती. तिच्या शेजारी कुणाचं पोट येईल, काय सांगावं!

एक जुना नियम तिला ठाऊक होता. सभेत बोलायचा हक्क असलेला कोणीही आपली गाडी रुळांवर चढवू शकतो. वानर एकमेकांशी पैज लावत त्या काळातला तो नियम. दुसरं कोणी गाडी बांधील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसल्यामुळे तो मोडायचा राहून गेला होता.

तिने वानरांनी टाकून दिलेली एक गाडी घेतली, तीच नव्याने बांधायला काढली आणि तिची सामाईक दांडी आधी भट्टीत घातली. प्रत्येकाला आपली वेगळी कमान केली, आत जाड गादी लावलेली. कमानीच्या बुडाशी करवतीसारखे दाते, आणि दात्यांत अडकणारी पोलादी जीभ. कमान खाली ओढली की जीभ कटकट करत दात्यांवरून सरके. वर ढकलली की आडवी पडून घट्ट बसे. उंदीर बसला तर कमान उंदराच्या पोटाशी येऊन थांबे, रानडुक्कर बसलं तर रानडुकराच्या. शेजाऱ्याच्या पोटाशी तिला कर्तव्य नव्हतं.

पहिल्या चाचणीला तिने वाळूचं पोतं बसवलं. जीभ तुटली आणि पोतं उताराखालच्या बाभळीत जाऊन फुटलं. त्या दिवशी तिला सगळं सोडून द्यावंसं वाटलं, आणि तिला रडूही आलं.

"एक जीभ दगा देते, हे माझ्याकडे पाहून तरी कळायला हवं होतं," हातांनी चाकं फिरवत चालवायच्या आपल्या हातगाडीवर बसलेला भुऱ्या म्हणाला. "दोन लाव. एक चुकली तर दुसरी आहे."

तिने दोन लावल्या. मग पोतं कितीही वेळा उतारावरून नेलं तरी जसंच्या तसं परत आलं.

खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. भुऱ्याला आत बसवायला झिपरीने एक झोळी शिवली होती. चांगली मऊ, मजबूत; दोघांनी दोन टोकं धरायची आणि उचलून बाकावर ठेवायचं. भुऱ्याने ती पाहिली आणि त्याचे कान मागे गेले.

"ही कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. चार दिवस खपून शिवलीये."

"मी बटाटे आहे का?"

"अरे, मग आत जाणार कसा तू?"

"ते मला काय विचारतेस? गाडी तू बांधतेयस. झिपरे, ज्याला पोत्यासारखं उचलून सभेत आणलं, त्याचं बोलणंसुद्धा सभा पोत्यासारखंच ऐकेल. मी आपणहून चढेन, नाहीतर चढणारच नाही."

झिपरीला राग आला. इतकं करायचं आणि वर याचे नखरे! ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रागारागात गाडी फलाटाला लावताना तिच्या लक्षात आलं, की गाडीची बाजू फलाटाहून हातभर उंच आहे, आणि ती तशी असायला काही कारणच नाही. वानरांना उडी मारायला आवडे, एवढंच. तिने ती बाजू कापली आणि खाली बिजागऱ्या लावल्या. आता फळी फलाटावर सपाट पडे, आणि भुऱ्याची हातगाडी तिच्यावरून थेट बाकापर्यंत जाई. मात्र त्यासाठी गाडी मंदावून भागणार नव्हतं. तिने चाकांना लाकडी ब्रेक बसवला. झेपगाडी ही थांबूही शकते, हे त्या मुलखाला त्या दिवशी प्रथमच कळलं.

बातमी पठारावर गेली. आप्पा स्वतः गाडी पाहायला आले.

"गाडीच धरून ठेवणार असेल, तर धैर्य कुठं राहिलं?" त्यांनी विचारलं.

"उतार तेवढाच आहे, आप्पा. तो मी कमी केलेला नाही."

"आज एकासाठी थांबली, तर उद्या सगळ्यांसाठी थांबावी लागेल."

"थांबू दे की. कुणाला घाई आहे?"

"हे असले चोचले सुरू झाले, तर सभेत कोण कोण येऊन बसेल, काही कल्पना आहे?"

"आहे ना," झिपरी म्हणाली. "म्हणून तर बांधली."

आप्पांना नियम मोडता येईना. तो त्यांच्याच आजोबांचा होता. मग त्यांनी अट घातली. काळीजउतारावर सशाचे दोन्ही हात वर असले पाहिजेत, नाहीतर फेरी धरली जाणार नाही. आणि ते पाहायला आपण स्वतः त्याच्या शेजारी बसू. झिपरीने मान्य केलं आणि मागच्या बाकावर बसायचं ठरवलं. ज्याने बांधली त्याने बसावं, नाहीतर बांधू नये, असं तिचं म्हणणं होतं.

सभेच्या दिवशी अलीकडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी आली, कुरकुरली आणि थांबली. फळी खाली पडली. भुऱ्याने आपल्या हातांनी चाकं वळवली, आत गेला, बाकावर सरकला आणि कमान पोटाशी ओढून घेतली. कटकट, कटकट. त्याला कोणी हातही लावला नाही. फलाटावर म्हाताऱ्या कासवांपासून पांगळ्या बोकडापर्यंत सगळे ते टक लावून पाहत होते.

आप्पांनी मात्र थांबलेल्या गाडीतही उडी मारूनच प्रवेश केला.

"आप्पा, कमान ओढून घ्या," झिपरी मागून म्हणाली.

"आमच्या सात पिढ्यांनी कधी काही धरलं नाही, पोरी. तुझी कमान तुलाच लखलाभ."

"आप्पा, हट्ट करू नका. आपटाल."

आप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी चढाला लागली. माथ्यावर ती क्षणभर लोंबकळली. भुऱ्याने दोन्ही हात वर केले. त्याचे कान थरथरत होते. याच जागी तो मागे एकदा हवेत राहिला होता. 

आप्पांनीही हात वर केले, अगदी थाटात. आणि मागे बसलेल्या झिपरीला दिसलं, की त्यांची शेपटी बाकाच्या फटीतून हळूच खाली उतरली. जुन्या गाडीच्या बाकाखाली आडवा लोखंडी गज असे. झिपरीने तो काढून तिथे फळ्या ठोकल्या होत्या, लहानग्यांचे पाय चाकांत जाऊ नयेत म्हणून. शेपटीने फळ्या चाचपल्या. इकडे चाचपल्या, तिकडे चाचपल्या. हात वरचे वरच होते, मान ताठ होती आणि मालकाला न विचारता शेपटी घाईने गज शोधत होती.

गाडी सुटली.

काळीजउतारावर सगळी हवा एकदम अंगावर आली. आप्पा बाकावरून वीतभर उचलले गेले. तेवढ्यात शेपटी सापासारखी बाजूला झेपावली, तिने भुऱ्याची कमान गाठली आणि कमान व बाकाची कड मिळून घट्ट वेढे घातले. भुऱ्या जागच्या जागी बसला होता. तो ओरडत होता, हसत होता आणि त्याचे हात आभाळात होते. झिपरी तोंडाचा आ वासून त्या वेढ्यांकडे पाहत राहिली. सात पिढ्या, तिच्या मनात आलं.

गाडी पठारावर पोहोचली आणि थांबली. पुरती थांबली. सारी सभा उभी राहिली होती. फळी धाडकन फलाटावर पडली आणि आत कोण कसं बसलंय ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसलं. झिपरीने सगळ्या कमानींच्या जिभा एकदम उचलणारी कळ ओढली. तिची स्वतःची कमान उघडली. भुऱ्याची जागची हलेना.

भुऱ्याने खाली पाहिलं. मग समोर पाहिलं. त्याची फेरी पुरी झाली होती, आणि पडलेल्या प्राण्याचा सभेतला पहिला शब्द ऐकायला सगळ्यांचे कान टवकारले होते.

"आप्पा," तो मोठ्याने म्हणाला, "शेपूट सोडा आता. मला बोलायला उतरायचंय."

आप्पांचे दोन्ही हात अजून वरच होते.