नाकझोंबी

“मग प्रयोगशाळेची किल्ली आज मिळणार ना, गुरुजी?”

हिंगे गुरुजी उद्या निवृत्त होणार होते. डोंगरातल्या या आश्रमशाळेत हेरंब त्यांच्याच हाताखाली शिकला होता. शहरातून एम.एस्सी. करून, कॉलेजातली नोकरी नाकारून, तो याच एका खोलीसाठी परत आला होता.

गुरुजींनी कपाटातली एक बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावर पोरसवदा अक्षरांत चिठ्ठी होती : नाकझोंबी.

हेरंबच्या कपाळाला आठी पडली.

“अजून आहे ही चिठ्ठी? काल ही लिहिणाऱ्या मुलीला सगळ्या वर्गासमोर सुनावलं मी. हा अमोनिया. शास्त्रशुद्ध म्हणायचं तर ॲझेन. पाणी म्हणजे ऑक्सिडेन. असली गावठी नावं माझ्या वर्गात चालणार नाहीत.”

“मग?”

“मग काय... वही मिटून निघून गेली.”

गुरुजींनी बाटलीचं बूच काढलं आणि ती हेरंबकडे सरकवली.

“नायट्रोजनला हायड्रोजन किती जोडलेत?”

“तीन.”

“आणि उरतं काय?”

“इलेक्ट्रॉनांची एक जोडी. कुणाशीच न बांधलेली...” पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“काय रे, ॲझेन झोंबलं का?”

गुरुजींनी खांद्यावरचा पंचा माठाखालच्या घमेल्यात बुचकळला. “हा नाकावर धर.”

ओल्या पंचातून हेरंबने दोन-चार श्वास घेतले. झोंबणं उतरलं.

“आता का झोंबत नाही?” गुरुजींनी विचारलं.

“पाण्यानं अडवलं त्याला. ती मोकळी जोडी... पाण्यातल्या हायड्रोजनला जाऊन धरते.”

“म्हणजे तिघांना धरूनही नायट्रोजन चौथ्यासाठी जागा ठेवतो म्हण की.”

गुरुजींनी बूच लावलं. चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

“कालच्या त्या मुलीचं नाव काय रे?”

हेरंबने तोंड उघडलं... आणि मिटलं.

मिथेनपासून फॉस्फेनपर्यंत सगळी नावं त्याला पाठ होती. मुलीच्या मात्र लाल रिबिनी तेवढ्या आठवत होत्या. आणि खाली गेलेली मान.



“गुरुजी... किल्ली?”

“तिच्याकडं दिलीय. जा, नाव विचार आणि मागून घे.”