इंजिनावरची भाकरी

बागायतदार सर्जेराव इंगवल्यांनी आपला चाळीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर विकायला काढला, तेव्हा थंडीतल्या एका सकाळी हौसाबाई खिलारे तो बघायला त्यांच्या दारात हजर झाली. ओट्यावर चार पाहुणे चहा पीत बसले होते.

"कारभारी कुठाय तुझा?" सर्जेराव म्हणाले. "इंजिन पारखणं बाईमाणसाचं काम न्हाई."

"कारभारी म्हशींकडं हायत. आमच्यात ट्रॅक्टर मी चालवते, अण्णा."

"मग ऐक. महिना झाला, ह्याला कुणी हात लावला न्हाई. तरी बघ, एका स्टार्टरला सुरू हुईल!"

झिजलेलं इंजिन गार असताना नुसतं खोकतं, पण आधी तापवून ठेवलं की शहाण्यासारखं चालू होतं, हे हौसाबाईला पक्कं ठाऊक होतं. ती वाद घालत बसली नाही. तिने फडक्यातली रात्रीची भाकरी काढली, बॉनेट उचलून इंजिनावर ठेवली आणि सर्जेरावांना त्यांच्या उसाबद्दल विचारलं. सर्जेराव फुशारून सांगत सुटले.

त्यांचा ऊस सांगून संपला, तेव्हा तिने भाकरी उचलली आणि अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. चटका बसून सर्जेरावांनी हात झटकला.

"खावा की, अण्णा," हौसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "महिनाभर न पेटलेल्या चुलीवर शेकलीय."

पाहुण्यांना चहाचा ठसका लागला.

ती ओट्यावर ऐसपैस मांडी घालून बसली. "आता इंजिन गार झालं की मारा स्टार्टर. मला घाई न्हाई."

सर्जेरावांनी चावी खिशात घातली, ती काही पुन्हा बाहेर काढली नाही.