नवसाची मालगाडी

घाटाच्या पायथ्याशी रेल्वेची एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत वामन नावाचा एक हौशी कारागीर राहत असे. त्याचे वडील आप्पा. त्यांनी उभा जन्म मालगाडीची डिझेल इंजिनं घाट चढवण्यात घालवला. आप्पा ड्यूटीवर निघाले की वामनची आई अनसूयाबाई देवापुढे निरांजन लावून बसायच्या. एकदा घाटात दरड कोसळल्याची बातमी आली. त्या दिवशी घाबऱ्याघुबऱ्या होऊन त्या चैत्रगौरीला बोलून गेल्या, "माये, ह्यांची नोकरी सुखरूप पार पडू दे. साऱ्या वस्तीची ओटी भरीन, आणि ओटीचे हरभरे मालगाडीने आणीन!"

नवस बोलताना भान कुणाला असतं? मालगाडी काय परसातली शेळी आहे, दावं धरून दारात आणायला? पण शब्द गेला तो गेला.

देवीच्या कृपेने आप्पा हसतखेळत निवृत्त झाले, आणि इकडे अनसूयाबाईंना घोर लागला. चैत्र तोंडावर आला तसा त्यांना घास गोड लागेना. तेव्हा वामन म्हणाला, "आई, अगं तू मालगाडी म्हणालीस. केवढी, ते कुठे म्हणालीस?"

अनसूयाबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या. "देवीच बोलली रे बाबा तुझ्या तोंडून!"

वामनने आप्पांच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली. दीड हात लांब, पुढे ड्रायव्हरची केबिन, बाजूला बारीक जाळ्या, कठडे, पायऱ्या, आत बॅटरीवर चालणारी मोटर. काम जसजसं साधत गेलं तसतसा त्याचा जीव त्यात गुंतत गेला. शहरात अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिथे सर्वांत देखण्या इंजिनाला बक्षीस होतं. वामनने मनोमन ते बक्षीस आपल्या फळीवर मांडूनही टाकलं. मिरवायला सोपं जावं म्हणून त्याने सगळं अंग पातळ पत्र्याचं केलं, आतून पोकळ. वर छत झाळून बंद केलं आणि रंगाचे हात असे दिले, की त्यात तोंड दिसावं. रिकामे डबे जोडून गाडी चालवून पाहिली. भुर्रकन पळाली.

हळदीकुंकवाचा दिवस आला. गौर झोपाळ्यावर बसली. कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, सगळी आरास झाली. स्वयंपाकघरापासून गौरीपर्यंत वामनने रूळ अंथरले. बायकांनी घर भरलं. अनसूयाबाईंनी भिजवलेले हरभरे डब्यांत शिगोशीग भरले, इंजिनाला कुंकू लावलं, हात जोडले. वामनने कळ दाबली.

चाकं गरगर फिरली, पण गाडी जागची हलेना.

"सिग्नल लाल आहे वाटतं!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

शेजारच्या गार्डीणबाई पुढे सरसावल्या. त्यांचे यजमान मालगाडीचे गार्ड, तेव्हा त्यांना अर्धी रेल्वे तोंडपाठ. "अहो, चाकं घसरतायत. घाटात रुळांवर वाळू सोडतात, तसं करा की!" वाळू कुठली? रांगोळी होती. चिमूट चिमूट रांगोळी टाकली. गाडी वीतभर सरकली आणि पुन्हा रुसली.

"मग मागून बँकर लावा!" त्या म्हणाल्या. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जोडतात त्या इंजिनाला तिथे बँकर म्हणतात.

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला होता. तरी त्या लेकाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वामन, जाऊ दे रे. मागून बोटाने ढकल. गौर काही बोलायची नाही."

वामनने बोट पुढे केलंही. पण ते टेकवेना. त्याला रोग ठाऊक होता आणि औषधही. मालगाडीचं इंजिन मुद्दाम जड करतात. ते जड म्हणून चाकं रुळाला धरतात, आणि चाकं धरतात म्हणून मागचं ओझं हलतं. आप्पांनी हे त्याला मांडीवर बसवून सांगितलेलं. पण आत वजन घालायचं तर छत कापायला हवं. छत कापलं की रंग गेला. रंग गेला की बक्षीस गेलं. आणि बोटाने ढकललं, तर हरभरे आपल्या बोटाने आणल्यासारखं झालं. मालगाडीने नव्हे, आणि आईचा शब्द खोटा पडला.

त्याने डोळे मिटून त्या आरशासारख्या छतावरून एकदा हात फिरवला. मग उठला आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आला.

"अरे अरे, काय करतोस?" अनसूयाबाई ओरडल्या. "तुझं प्रदर्शन!"

"आई, वजन आण काहीतरी. जड, लांबट."

अनसूयाबाई गोंधळल्या, आत धावल्या, आणि डाळ वाटलेला वरवंटा धुऊन-पुसून घेऊन आल्या. वामनने छत कापलं, रंगाचे टवके उडाले. वरवंटा पाहताच बायकांच्या डोळ्यांपुढे बारसं उभं राहिलं. बाळाच्या आधी वरवंटाच नाही का पाळण्यात घालत? गार्डीणबाईंनी सूर लावला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" हसत हसत, या हातातून त्या हातात करत वरवंटा इंजिनाच्या पोटात निजला.

वामनने कळ दाबली. इंजिन घुमलं. चाकांनी रूळ धरले. आणि गाडी निघाली, सावकाश, ठाम, भरल्या पोटाच्या म्हशीसारखी. एकही हरभरा न सांडता ती गौरीपुढे जाऊन थांबली. बायकांनी टाळ्या पिटल्या. बाहेर ओसरीवर बसलेल्या आप्पांनी तोंडानेच लांब शिट्टी दिली. अनसूयाबाईंनी पहिली ओटी भरली तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने डबडबले होते, आणि ओठांवर हसू मावत नव्हतं.

प्रदर्शनाला वामन गेला. वरवंटा पोटात तसाच, छताला ठिगळ. बक्षीस दुसऱ्याच कुणाच्या चकचकीत इंजिनाला मिळालं. तो घरी आला तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय रे, आला का नंबर?"

"नाही आप्पा. पण परीक्षकांनी एका हाताने उचलायला घेतलं, आणि 'बाप रे!' म्हणून दोन्ही हातांनी खाली ठेवलं."

"मग आणखी कुठला नंबर हवाय तुला?" आप्पा म्हणाले, आणि बापलेक खो खो हसले. आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, "हसणं पुरे, आधी माझा वरवंटा काढून द्या! चटणी खोळंबलीय."

तात्पर्य: नुसत्या झगमगाटाने कुणाचं ओझं हलत नाही, त्याला अंगी वजन लागतं, आणि दुसऱ्याचा शब्द राखण्यासाठी आपला झगमगाट थोडा उतरला, तर त्यात माणसाचं वजन वाढतंच.